फॉन्ट बदलला की झाली मोडी?

लग्नसराई आली की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘मोडी म्हणजे देवनागरीचाच कर्सिव्ह फॉन्ट. हेमाडपंतांनी तो लंकेहून आणला. डाउनलोड करा, मजकूर सिलेक्ट करा, फॉन्ट बदला. पत्रिका राजेशाही दिसेल, शिवाय आजोबांचे जुने कागदही वाचता येतील.’

लंकेचं आधी उरकू. देवनागरीचाच म्हणता आणि लंकेहून आणला असंही म्हणता. काहीतरी एक ठरवा. हेमाडपंत तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होते, एवढं खरं. लंकेची गोष्ट ही दंतकथा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर मोडीचं नातं फारसीच्या घाईच्या लिखाणाशी, ‘शिकस्ता’शी जोडलं होतं, त्या शब्दाचा अर्थही ‘मोडलेलं’.

आता फॉन्ट. मोडी ही स्वतंत्र लिपी आहे आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, २०१४ पासून तिला वेगळी जागा आहे. देवनागरी ‘क’ आणि मोडी ‘क’ संगणकाच्या लेखी दोन निराळी अक्षरं. त्यामुळे देवनागरी मजकुराला ‘नोटो सान्स मोडी’ हा मोडीचा फॉन्ट लावलात तरी त्याची मोडी होत नाही. काही जुने फॉन्ट देवनागरीच्याच कळांवर मोडीचे आकार बसवायचे, हा समज बहुधा तिथूनच आला. पण तो मजकूर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे उघडला, की सोंग उतरतं.

आणि मोडीचं वळण हातात असतं. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. काना लागला की काही अक्षरांचा आकारच पालटतो. विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी कोश १८१० साली बंगालमधल्या सेरामपूरला मोडी खिळ्यांनी छापला गेला, म्हणजे टाइप करायची हौस जुनीच. पण नोटोची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. बोरूचा जाड-बारीक फरक तिच्यात कुठून येणार?

जुने कागद वाचण्याचा दावा सगळ्यात फोल. फॉन्ट टाइप केलेल्या मजकुराला लागतो, दप्तरातल्या कागदाला नाही. तिथे शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची सहसा फिकीर नाही. ‘पैसेदेऊनका’ हे ‘पैसे देऊ नका’ की ‘पैसे देऊन का’, हे मागचापुढचा मजकूर पाहूनच कळतं. वर ‘खमस’ (पाच), ‘सलास’ (तीन) असे अरबी आकड्यांतले सन. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारी माणसंच शोधावी लागली.

पत्रिकेवर मोडी शोभते, त्याबद्दल वाद नाही. वधूवरांची नावं मोठ्या अक्षरात, जमल्यास हाताने लिहून घेतलेली. छापायला टाकण्याआधी मोडी येणाऱ्याला एकदा दाखवा. एका परिचितांच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव भलतंच उमटलं होतं आणि मंडपात एकालाही ते कळलं नाही. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता मात्र देवनागरीतच असू द्या. पाहुणे अक्षता पडायच्या आत पोचायला हवेत.