पराग शेटचे पाच कोंबडे

परागच्या कोंबड्यांच्या आरवण्यावरून सोसायटीत निघालेली नोटीस तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर वाचलीय, परत देत नाही. "पहाटे 4 पासून होणारा पक्ष्यांचा उपद्रव" हे शब्द अर्थातच नानांचे, एसटीत कंट्रोलर असताना मेमो लिहून लिहून आलेली भाषा आहे ती. रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर आम्ही नेहमीच्या जागी बसलेलो, पाऊस जरा थांबला होता, भरतीचं पाणी वर आलेलं, आणि पराग शेट गाडीवरून उतरले ते हेल्मेट हातात घेऊन भांडायच्याच तयारीने.

"नाना, कोंबडा आरवणार नाही तर काय स्टेटस टाकणार?"

हे त्याचं त्या संध्याकाळचं एकमेव चांगलं वाक्य, म्हणून आधीच सांगून टाकलं. त्यानंतर तो सुटला तो सस्टेनेबल, सेल्फ-सफिशियंट, फूड माइल्स, हिंजवडीत प्रेझेंटेशन द्यायचा तसा एक हात हवेत ठेवून. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून रत्नागिरीला आला, मग नोकरीच सोडली, आता गच्चीवर शेती आणि खाली पार्किंगच्या कोपऱ्यात कडकनाथ, ती मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कोंबड्यांची जात.

"आरवायला माझी ना नाही रे," नाना म्हणाले, "पण पाच जणांनी एकदम कशाला?"

"पाच?" अन्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. अन्या म्हणजे आपला पशुधन पर्यवेक्षक, अर्ध्या तालुक्यातल्या शेळ्या त्याला चेहऱ्याने ओळखतात. "सहा तलंगा घेतल्या होत्यास ना?"

तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या वयाची कोंबडी. पराग गप्प. मग हळूच म्हणाला, "घेतल्या तेव्हा लहान होत्या, कळलं नाही. पाच कोंबडे निघाले."

इम्तियाज जो हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. विकणाऱ्याला बरोब्बर कळलं होतं म्हणाला, नर कोण पोसणार, ते हिंजवडीवाल्याच्या गळ्यात. आणि कडकनाथचं नाव काढल्यावर 2019 चं ते सांगलीकडचं कडकनाथ घोटाळ्याचं प्रकरण निघणारच, त्यात नानांच्या मेव्हण्याचे पैसे गेलेत, त्यामुळे नाना दहा मिनिटं मेव्हण्यावरच होते. ते सोडतो.

अन्याने मग हिशोब घातला. त्याची बोलायची पद्धत माहितीय ना, आवाज चढवत नाही, नुसता सोलतो. "एक पक्षी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खातो. वर्षाला चाळीस किलो धर. किलोला चाळीस रुपये धर. सोळाशे झाले. तुझे सहा, नऊ हजार सहाशे. अंडी घालणारी एक. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आतबाहेर घालते. मग एक अंडं कितीला पडलं?"

"शहाण्णव," मी म्हणालो. मला गप्प बसवत नाही.

"शहाण्णव रुपयाचं अंडं. झाबुआच्या राजालासुद्धा परवडलं नसतं."

"पण ते ऑर्गॅनिक आहे," पराग.

"खाद्याची गोणी आणतोस ना दुकानातून? मग ऑर्गॅनिक तुझा शर्ट."

खरं तर हिशोब तिथंच संपला होता. इम्तियाजच्या अम्मीकडे राजिवड्याला कोंबड्या आहेत, बदकं आहेत, दोन शेळ्या आहेत, गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते पण तिला खाद्याचा खर्च जवळपास शून्य, भाताचा कणकोंडा, खरकटं, आणि दिवसभर जे काय उकरून खाईल ते. उकरायला जमीन लागते एवढंच. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर कोंबडी उकरणार काय, नानांची स्कूटर?

पराग ऐकतोय होय. त्याने फोन काढून पासाडेनाचं कुटुंब दाखवलं, कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळ, भर शहरात घराभोवती एक दशांश एकर जागा, त्यात भाज्या, कोंबड्या, बदकं, शेळ्या, वर्षाला सहा हजार पौंड माल काढतात असं ते सांगतात. सहा हजार पौंड म्हणजे पावणेतीन हजार किलो झाले, जागा आपले चार गुंठे. मी म्हटलं बरं आहे की. मला खरंच आवडलं ते, उगाच का नाही म्हणू.

"पाऊस किती तिकडं?" अन्या.

"पाऊस कुठं मध्येच?"

"वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास असेल. इथं तीन हजाराच्या वर पडतो, आणि पडतो तो चार महिन्यांत. तू जूनमध्ये गच्चीवर टोमॅटो लावलेस."

टोमॅटोचं काय झालं ते सगळ्या सोसायटीने बघितलंय. ग्रो बॅगा तुडुंब, खताचं सगळं सत्त्व पाण्याबरोबर पन्हाळीतून खाली, झाडं काळी पडून झोपली, उरलेल्यांवर गोगलगायी, आणि एक दिवस उघडीप पडली तर लाल तोंडाची माकडं. गच्चीवर मृगात काय लावायचं तर पडवळ, दोडका, काकडी, मांडव घालून वर सोडायची, आणि पन्हाळीखाली अळू, हे आमच्या आळीत कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. लाल माठ, मुळा, वाल पाऊस गेल्यावर. पण विचारायचं कुणाला, तर यूट्यूबला.

इथं मीही माझं घोडं दामटलं कारण स्लॅबचा विषय आला की मला राहवत नाही. फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात वजन. गच्ची धरलेली असते दीडशे किलोला. पिशव्या लांब लांब ठेव, भिंतीच्या कडेने, बीमवर ठेव, हे मी त्याला मे महिन्यात सांगितलं होतं, तो म्हणाला "दादा, निगेटिव्हिटी नको." आता नानांच्या हॉलच्या सिलिंगला ओल आलीय, नकाशावर दापोली दिसेल एवढी.

"त्या पासाडेनावाल्यांनीच," इम्तियाज फोन बघत म्हणाला, "अर्बन होमस्टेडिंग या नावावर ट्रेडमार्क घेतला होता रे. 2011 ला बाकीच्यांना पत्रं गेली, हे शब्द वापरू नका म्हणून. मग बोंबाबोंब, आणि शेवटी कोर्टात रद्द झाला."

"म्हणजे तिकडं पण नोटिसा," नाना खूश.

"आमची अम्मी उद्या नोटीस पाठवते पराग तुला. शेळी पाळली म्हणून."

मग पराग चिडला. म्हणाला तुम्ही लोक नुसते हसणार, कोणी काही नवीन करायला गेलं की पाय ओढणार, म्हणून कोकण मागं. हे वाक्य ज्याने ज्याने म्हटलंय त्याच्यानंतर कट्ट्यावर जुनी मढी उकरली जातात हा नियम आहे. अन्याने फणस काढला. बांधावरचा. इम्तियाजच्या अम्मीची सगळी शेळ्यांची वैरण त्या फणसाच्या पाल्यावर होती, परागचे आजोबा स्वतः फांदी पाडून द्यायचे, आणि बिल्डिंग उठली तेव्हा पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. विहीर बुजवली, गोठा गेला, परसातल्या केळी, अळूचा वाफा, खुराडं, सगळं त्या पार्किंगखाली आहे.

"तू कुठं उभा राहून कोंबड्या पाळतोयस माहितीय का तुला?" अन्या म्हणाला. "आजोबांच्या खुराड्यावर. परस बिल्डरला दिलंत आणि आता लाल माती पाच किलोच्या पिशवीत ऑनलाइन मागवतोस. रत्नागिरीत. लाल माती."

यावर कोणी हसलं नाही. पराग म्हणाला ते बाबांनी केलं, मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. तेही खरंच आहे, आणि आमच्यापैकी कुणाचं परस शिल्लक आहे म्हणा, माझ्या घरामागे तर मीच शेड काढलीय.

विषय बदलायला त्याने व्हिडिओ दाखवला. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात त्याने खताचा खड्डा केलाय, त्यातून मूठभर पांढऱ्या जाड अळ्या काढून तळहातावर घेतल्यात, अंगठ्याएवढ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या, आणि मागे बासरी. "बघा, माती जिवंत झाली."

अन्याने फोन हातात घेतला, मोठं करून बघितलं, आणि नानांकडे वळला. "नाना, तुमच्या माडाच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतायत का हल्ली?"

"दिसतायत की. व्ही काढल्यासारख्या. का रे?"

"गेंड्या भुंगा. या त्याच्या अळ्या. शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, मोठे झाले की उडून माडाच्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या कोंबात शिरतात. याने नर्सरी काढलीय तुमच्या माडासाठी."

नाना उभेच राहिले. परत मेमो लिहितात की काय वाटलं, पण अन्याने हाताला धरून बसवलं. खड्डा उपसायचा, अळ्या वेचायच्या आणि कोंबड्यांना घालायच्या, बघा कशा तुटून पडतात ते, फुकटचं खाद्य, शहाण्णवचं अंडं पंच्याण्णववर येईल.

आणि मग अन्याने जे सांगितलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. परागने विचारलं की कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस तू घरी येऊन देशील का. अन्या म्हणाला लासोटाची, म्हणजे त्याच लशीची, छोट्यातली छोटी बाटली शंभर डोसची. बर्फात आणायची, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची, एकेक थेंब डोळ्यात नाहीतर नाकात. तुझे सहा पक्षी, चौऱ्याण्णव थेंब गटारात. कडकनाथ खुडूक पण धड बसत नाही, पिल्लं काढायची तर कुणाचीतरी गावठी मागून एकवीस दिवस अंड्यांवर बसवावी लागणार. शेळी घेशील म्हणतोस, तिला माजावर आल्यावर बोकड तू पाळणार आहेस का? "सेल्फ-सफिशियंट काय घेऊन बसलास. एकट्याने होतच नाही हे. आळीने मिळून एक बाटली फोडायची, एकाचा कोंबडा, दुसरीची खुडूक, तिसऱ्याचा पाला. आणि तू आल्या आल्या आळीशीच भांडण काढलंस."

परागचा चेहरा मी तेव्हा बघितला, पहिल्यांदा हात हवेत नव्हता.

इम्तियाज म्हणाला शनिवारी राजिवड्याला सगळ्यांच्या कोंबड्यांना लस आहे, डालग्यात घालून घेऊन ये, अम्मीला आधी अळू दे आणि मग बोल. झाडांना घालायला मासळी धुतलेलं पाणी पाहिजे तर मिरकरवाडा बंदरातून कॅन भरून आणतो, नाना वास सहन करणार असतील तर. नाना म्हणाले, वासाचं बघू, माझी अट एकच, कोंबडे. अंड्यांना कोंबडा लागत नाही, लागतो तो पिल्लांना, हे अन्याने मगाशीच सांगितलंय, तेव्हा फार तर एक राजिवड्याला ठेवायला द्या, बाकीच्या चौघांचा निकाल श्रावणाच्या आत लागला पाहिजे.

"निकाल म्हणजे?" पराग.

"गटारी कधी आहे रे?" नानांनी मला विचारलं. नानांनी! सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी सगळं पाळणारे.

"नाना, कडकनाथ काळा असतो आतून पण," इम्तियाज म्हणाला. "वड्यांबरोबर चालेल तुम्हाला?"

"रश्श्यात कोण बघतंय."

पराग म्हणाला शक्य नाही, मी त्यांना नावं ठेवलीयत. काय नावं, तर म्हणे जुन्या कंपनीतल्या मॅनेजरांची. दोन डिलिव्हरी मॅनेजर, एक एचआर, एक क्लायंट पार्टनर आणि तो मोठा तुरेवाला रिजनल हेड, तोच पहाटे चारला सुरू करतो आणि मग बाकीचे त्याच्या मागून ओरडतात.

अन्या शांतपणे म्हणाला, "मग अडचण काय आहे नक्की?"

पराग बराच वेळ समुद्राकडे बघत बसला, आम्हाला वाटलं दुखावला, इम्तियाज त्याच्या खांद्यावर हात ठेवणार एवढ्यात म्हणाला, "रिजनल हेडला कुकर लागेल. फार चिवट आहे."