ट्रकमध्ये गांजा सापडला म्हणजे अपील व्यर्थ, हे खरे नाही

ट्रकचालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. अमली पदार्थांच्या वाहतुकीबद्दल शिक्षा झाली की अपील म्हणजे केवळ वकिलाचे घर भरणे. माल गाडीत सापडला म्हणजे चालक दोषीच. अपील केल्यास शिक्षा वाढते आणि तोवर सुटकाही नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यावर विश्वास ठेवून एखादे कुटुंब स्वस्थ बसले, तर त्याचे होणारे नुकसान सहज भरून निघणारे नाही.

पहिले विधान ताब्याविषयीचे आहे. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याची कलमे ३५ व ५४ आरोपीला मालाची जाणीव होती असे त्याच्याविरुद्ध गृहीत धरतात, हे खरे. परंतु मूळ तथ्ये आधी सरकार पक्षालाच सिद्ध करावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. समजा, गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवी किंवा मोलेच्या नाक्यावर कांद्याच्या पोत्यांखालून पुडकी निघाली. माल कोठे भरला, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) कोणी केली, भरणीच्या वेळी चालक हजर होता का, शेजारी बसलेल्या क्लीनरला काय ठाऊक होते, हे सारे प्रश्न उच्च न्यायालय पहिल्या अपिलात पुराव्यासह नव्याने तपासू शकते.

खरी लढाई बहुधा कागदांवर होते. खबर आधी मिळाली असेल, तर कलम ४२ प्रमाणे ती लिहून ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. २००९च्या घटनापीठाच्या निकालानुसार उशिराचे समाधानकारक कारण चालते, पण तरतूद पूर्णपणे डावललेली चालत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या जप्तीला मात्र कलम ४३ लागते आणि त्यात ही लेखी नोंदीची अट नाही, म्हणून गाडी कोणाची आणि कोठे अडवली, हे पंचनाम्यात बारकाईने पाहावे लागते. याउलट, कलम ५०चा भंग झाला म्हणून सुटका होईल, ही आशाही अनेकांना लावली जाते. ते कलम अंगझडतीपुरते आहे, ट्रकच्या झडतीला लागू नाही. कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने घेतले नाहीत, एवढ्यावरच निर्दोष सुटका होत नाही. मात्र त्यासोबत सील जुळत नसेल किंवा मुद्देमालाच्या नोंदवहीत खंड असेल, तर संशयाचा फायदा मिळू शकतो.

वजनाचा मुद्दा मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. गांजाचे प्रमाण २० किलोच्या वर गेले की किमान १० वर्षांची शिक्षा ठरलेली आहे; एक किलोच्या वर पण त्या मर्यादेच्या आत असेल, तर किमान शिक्षेचे बंधन नाही. कायद्याच्या व्याख्येत फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे येतात. शेंड्यांवाचूनच्या सुट्या बिया आणि पाने त्यात येत नाहीत. वजन पोत्यासकट केले की पोते वगळून, शेंडे होते की नुसता पाला, हे विचारल्याने दोषसिद्धी कायम राहूनही शिक्षेची वर्षे कमी होऊ शकतात.

शिक्षा वाढण्याची भीती अनाठायी आहे. आरोपीच्या अपिलात उच्च न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारचे स्वतंत्र अपील किंवा न्यायालयाची नोटीस लागते, आणि आरोपीचे म्हणणे ऐकावेच लागते.

सुटकेबाबतचे विधान अर्धसत्य आहे. शिक्षेला स्थगिती देण्यास मनाई करणाऱ्या कलम ३२-अ मुळे शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले. व्यापारी प्रमाणाच्या (गांजासाठी २० किलोच्या वर) खटल्यात मात्र जामिनाबाबतच्या कलम ३७च्या कडक अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि तेथे अनेक अर्ज फेटाळले जातात, हे लपवण्यात अर्थ नाही.

राहिला खर्च. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्याने दिला आहे. कोलवाळच्या कारागृहात असलेला बंदी तुरुंग अधीक्षकांमार्फतही मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठात अपील दाखल करू शकतो. मुदत ६० दिवसांची असून निकालाची प्रत मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो; ती प्रत शिक्षा झालेल्या आरोपीला विनामूल्य देणे न्यायालयावर बंधनकारक आहे.