बुलस्ट्रोडने त्या रात्री काय केलं नाही

जॉर्ज इलियट या इंग्लिश लेखिकेच्या ‘मिडलमार्च’मधलं ७०वं प्रकरण पुन्हा वाचलं. ही कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली. गोष्ट घडते १८३०च्या आसपास, इंग्लंडमधल्या एका लहान गावात. माणूस स्वतःची समजूत कशी घालत जातो, हे याहून बारकाईने लिहिलेलं निदान माझ्या वाचनात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निकोलस बुलस्ट्रोड हा गावातला बडा बँकर. देवभीरू, दानधर्म करणारा, इस्पितळ उभारण्यात पुढे आणि इतरांच्या वागण्यावर करडी नजर ठेवणारा. त्याच्या श्रीमंतीचं मूळ मात्र लंडनमधल्या एका गहाणवटीच्या धंद्यात आहे, आणि तिथे चोरीचा माल खपत असे. त्या धंद्याच्या मालकाच्या विधवेशी त्याने लग्न केलं. घर सोडून गेलेल्या तिच्या मुलीचा पत्ता लागला होता, पण ती बातमी त्याने दाबली आणि सगळी मालमत्ता त्याच्याकडे आली. हे सगळं ठाऊक असलेला रॅफल्स नावाचा दारुडा अनेक वर्षांनी उगवतो, पैसे उकळतो आणि शेवटी बुलस्ट्रोडच्याच घरात अंथरूण धरतो.

तरुण डॉक्टर लिडगेट बजावून जातो की दारू अजिबात द्यायची नाही. झोप लागलीच नाही तर अफू बेताने द्यायची, आणि ती कधी थांबवायची हेही सांगतो. आधी बुलस्ट्रोड स्वतः उशाशी बसून जागतो, सांगितलेलं सगळं पाळतो. मग थकतो आणि घर सांभाळणाऱ्या बाईवर रुग्ण सोपवतो. अफू किती द्यायची ते तिला सांगतो, थांबवायची कधी ते सांगायचं राहून जातं. दीडेक तासाने त्याला आठवतं. मेणबत्ती घेऊन तो जिना चढतो, रुग्णाच्या खोलीकडे वळावं की आपल्या, या विचारात वाटेतच थांबतो. आतून कण्हणं ऐकू येतं. झोप लागलेली दिसत नाही, मग अजून थोडी अफू गेली तर काय बिघडलं? आणि तो आपल्या खोलीत जातो. थोड्या वेळाने दार वाजतं. तो दार इंचभरच उघडतो. बाई म्हणते, रुग्णाची शक्ती चालली आहे, थोडी ब्रँडी द्यायला हवी. तो बराच वेळ गप्प राहतो आणि मग दारूच्या कपाटाची किल्ली तिच्या हाती देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रॅफल्स मरतो.

बस, एवढंच. त्याने विष घातलं नाही की गळा दाबला नाही. त्या काळातले बहुतेक डॉक्टर अशा रुग्णाला अफू आणि दारूच देत, त्यामुळे कुठल्याही कोर्टात काही सिद्ध झालं नसतं. आणि या सगळ्यात तो प्रार्थना करत असतो! एकांतातली प्रार्थना खरी असतेच असं कोणी सांगितलं, असं इलियट तिथे थेट विचारते.

ओठात एक आणि पोटात एक ठेवणारी माणसं असतात, पण बुलस्ट्रोड त्यांतला नाही, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. त्याची श्रद्धा खरी आहे. फक्त त्याची हाव त्या श्रद्धेपेक्षा जबर होती, आणि आपल्या सोयीचं तेच देवाच्या मनात आहे असं तो हळूहळू स्वतःला पटवत गेला. हे आपल्या सगळ्यांतच अधूनमधून घडतं, असंही ती म्हणते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कोणाचं पितळ उघडं पडलं की आपण त्याला ढोंगी ठरवून मोकळे होतो, आणि तो तिथवर पोहोचला कसा हे बघायचं राहूनच जातं.

इलियटला हे उगाच सुचलेलं नाही. तिचं खरं नाव मेरी ॲन इव्हान्स, जन्म १८१९चा. १८५६ मध्ये तिने स्पिनोझा या तत्त्वज्ञाच्या ‘एथिक्स’चं भाषांतर पुरं केलं होतं. माणसाच्या विकारांना नावं ठेवण्याआधी त्यांची कारणं शोधावीत, ही स्पिनोझाची रीत तिच्या कादंबऱ्यांत भिनलेली दिसते. शिवाय लोकांचे निवाडे तिने स्वतः सोसले होते. घटस्फोट मिळू न शकलेल्या जॉर्ज हेन्री लुइससोबत ती १८५४ पासून राहिली, म्हणून सख्ख्या भावाने वीस वर्षांहून अधिक काळ तिच्याशी संबंध तोडले.

समजून घेणं म्हणजे पाठीशी घालणं, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. मला तो बिलकुल मान्य नाही. बुलस्ट्रोडची गावात छी-थू होते, त्याला गाव सोडावं लागतं. आणि लिडगेटचं बघा. रॅफल्सच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी त्याने बुलस्ट्रोडकडून हजार पौंडांचं कर्ज घेतलेलं असतं, आणि गावाने अर्थ काढायचा तो काढलाच. गावाचं बोलणं जाऊ द्या, पण लिडगेट स्वतःलाच विचारतो की हे पैसे घेतले नसते तर मृत्यूची चौकशी न करता मी असाच गप्प राहिलो असतो का? त्याला छातीठोकपणे उत्तर देता येत नाही. बुलस्ट्रोडने एकदा जरी स्वतःला असं कोपऱ्यात गाठलं असतं!

सगळ्यांत मोठी वाटते ती मात्र बुलस्ट्रोडची दुसरी बायको हॅरिएट. नटण्यामुरडण्याची हौस असलेली, साधी, प्रेमळ बाई. भावाच्या तोंडून तिला नवऱ्याची बदनामी कळते. घरी येऊन ती खोलीला कडी लावते, रडून घेते, मग अंगावरचे दागिने उतरवते, साधा काळा झगा आणि साधी टोपी घालते, आणि खाली मान घालून बसलेल्या नवऱ्यापाशी जाऊन त्याला वर बघायला सांगते. दोघं रडतात. यातलं खरं किती, हे ती विचारत नाही, आणि आपण निर्दोष आहोत असं तोही म्हणत नाही.

तिने विचारायला हवं होतं असं काहींचं मत आहे. मला नाही वाटत. उत्तर तिला कळलेलंच होतं, आणि ते त्याच्या तोंडून वदवून घेणं ही त्या घटकेला नुसती शिक्षा झाली असती. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना काय वाटतं, जरूर लिहा. ज्यांनी सुरुवातीची शंभर पानं जड गेली म्हणून बाजूला ठेवली असेल, त्यांनी कृपा करून पुन्हा हातात घ्या.