गोधडीच्या आतून दिसणारा हिवाळा

डिसेंबर उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक संदेश येतो. यंदा धाकट्या मामांनी पाठवला, गेल्या वर्षी आत्याच्या सुनेने, आणि त्याच्या आधी बहुतेक मीच. तुमच्याकडेही आला असेल. खाली शेकोटीचं चित्र आणि वर मजकूर, तो साधारण असा: ‘आता पूर्वीसारखी थंडी पडत नाही. तेव्हा सगळं घर शेकोटीभोवती बसायचं. बंबाचं कढत पाणी, आजीच्या हातची गोधडी, डिंकाचे लाडू, त्यामुळे हिवाळ्यात कुणी आजारी पडत नसे. आता गीझर आला, हीटर आला, ऊब गेली. जो तो आपल्या खोलीत मोबाईल घेऊन. या हिवाळ्यात एकदा तरी खोलीत शेगडी पेटवा आणि सगळे तिच्याभोवती बसा.’ शेवटी जोडलेले हात.

मामांना दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. ते लांबलं, म्हणून इथे लिहिते.

आधी थंडीचं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. तिथल्या माणसाला ‘आता थंडी पडत नाही’ असं सांगून बघा. २०१८च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले आणि त्या शहराचा तोवरचा नीचांक मोडला. म्हणजे नागपूरकरांच्या आजोबांनी सोसली नसेल इतकी थंड रात्र नातवंडांनी पाहिली. उलट मुंबईचा ७.४ अंशांचा नीचांक जानेवारी १९६२चा आहे आणि पुण्याचा १.७ अंशांचा तर १९३५चा, म्हणजे मामांच्याही जन्माआधीचा. आता एका रात्रीच्या आकड्यावरून हवामान ठरत नाही, हे मलाही कळतं. देशभरात किमान तापमान हळूहळू चढतं आहे आणि शहरात तर काँक्रीट रात्रभर दिवसाची उष्णता सोडत राहतं. पुण्यातल्या पेठेत राहणाऱ्याला थंडी कमी वाटत असेल तर ते खोटं नाही. पण ‘पडतच नाही’? मामा स्वतः मंकीकॅप घालून हा संदेश पाठवतात.

शेकोटीवर मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे.

आमच्याकडे शेकोटी हा गप्पांचा विषय नव्हता. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागतं आणि नेमक्या त्याच दिवसांत पारा चार-पाच अंशांच्या खाली गेला की मणी तडकतो. तडकलेला घड निर्यातीतून जातो, बाजारातूनही जातो. त्यावर उपाय दोनच: पहाटे विहिरीचं पाणी बागेला सोडायचं, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओळींच्या मध्ये जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करायचा. धूर, जाळ नव्हे. जाळ झाला तर वेलच होरपळायचा. म्हणून छाटणीच्या काड्यांवर ओलसर पाचट टाकायचं. वडील पहाटे तीनला उठवायचे. माझा भाऊ दहा वर्षांचा होता, मी आठ. पाचटाचे भारे ओढायचं काम आमचं. आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. आमचे डोळे लाल, नाकं वाहती, आणि त्या सगळ्या वेळात वडील एकच वाक्य बोलायचे, ‘किती झालंय बघ रे.’ भाऊ बॅटरीच्या उजेडात तापमापक वाचायचा. शेकोटीभोवतीची आमची कौटुंबिक गप्पा म्हणजे हीच.

दुसरी शेकोटी असायची ती ओसरीसमोर, संध्याकाळची. तिच्याभोवती आजोबा, काका, शेजारचे दोघंतिघं, तंबाखूची चंची आणि गावच्या सोसायटीचं राजकारण. मुलं मध्येमध्ये लुडबुडायची. त्या वेळी आजी, आई आणि काकू कुठे होत्या? आत. चुलीपुढे. बाजरीच्या भाकरी थापत. त्यांनाही ऊब मिळत होती म्हणा, पाठ गार आणि तोंड भाजलेलं अशी. ‘सगळं घर शेकोटीभोवती’ या वाक्यातलं सगळं घर मोजलं तर आमच्याकडे ते अर्धंच भरतं. संदेश लिहिणारा खोटं बोलत नाही. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. पण तो हिवाळा त्याने गोधडीच्या आतून पाहिलेला आहे. गोधडीबाहेर कोण होतं, हे आतून दिसत नाही.

बंबाचंही तेच. आमचा बंब तांब्याचा, पितळी तोटीचा. त्यात शेणकुटं, चिपाडं, लाकडाच्या ढलप्या, काय मिळेल ते जायचं. त्या पाण्याला धुराचा एक वास असायचा आणि तो मला आजही आवडतो, हे कबूल. पण पहाटे साडेचारला राख काढून बंब पेटवायला आजी उठायची, आणि आंघोळीचा क्रम ठरलेला असायचा: आजोबा, वडील, काका, मग शाळेत जाणारी आम्ही पोरं. कढत पाण्यात विसण घालून घ्यायचं आणि मोरीत बसून ‘अजून एक तांब्या’ करत राहायचं. आई शेवटी. तोवर बंबात निखारे विझलेले. आईला विसण लागत नसे. तिच्या वाट्याचं पाणी आधीच निवलेलं असे. १९९६ साली भावाने घरात गीझर बसवला तेव्हा आई पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांच्या आधी आंघोळ करून आली. केस पुसत बराच वेळ ओट्याशी उभी होती. गीझरने घरातली ऊब घालवली म्हणणाऱ्यांनी एकदा तिला विचारावं. बंब सध्या भावाच्या दिवाणखान्यात आहे, चिंचेने घासून लख्ख केलेला, वर प्लास्टिकची फुलं. येणारे-जाणारे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

गोधडीबद्दल मात्र मामांशी भांडण नाही. तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशात नाही. फक्त ती कमी झाली ती माया आटली म्हणून नव्हे. गोधडीला लागतं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं. घराघरांत नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या, त्या फाटेनात, विटेनात, आणि त्यांच्या थरांत सुईचा धावदोरा नीट बसेना. आतला मालच संपला. आणि हो, ओली गोधडी धुऊन पिळून दोरीवर टाकायला दोन बायका लागतात, हेही त्या संदेशात कुठे लिहिलेलं नसतं.

‘हिवाळ्यात कुणी आजारी पडत नसे’ हे वाक्य वाचलं की मला हसूही येत नाही. आमच्या आजीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली, दोन्ही थंडीत, छाती भरून. ही काही आमच्या एका घराची गोष्ट नाही. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. त्यामागे लसी आहेत, दवाखाने आहेत, शुद्ध पाणी आहे. लाडू तर आधीही होते. आणि ज्या चुलीच्या धुराची आपण आठवण काढतो, तो घरातला धूर लहान मुलांच्या न्यूमोनियाचं एक मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आजीला शेवटची दहा वर्षं दम लागायचा. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती.

लाडवांचं वेगळं सांगते, कारण ‘आता कोण करतंय’ हा टोमणा मला वैयक्तिक लागतो. मी करते. नोव्हेंबर संपता संपता किराणा दुकानात खारीक, डिंक, गोडंबी, अळीव यांच्या पिशव्या पुढे मांडल्या जातात, त्या काय शोभेला? खारकेच्या बिया अडकित्त्याने काढायच्या, तळहाताला फोड येतो. मग खारीक मिक्सरमध्ये. गेल्या वर्षी त्यातच एक भांडं गेलं. डिंक तुपात तळताना कढईत फुलत जातो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलाला आजही एक फुललेला खडा हातावर हवा असतो. तो तेवीस वर्षांचा आहे. लेकीचे लाडू टोरांटोला जातात. कुरिअरवाल्याकडे ते वजनावर मोजले जातात आणि पाठवणीचा खर्च लाडवांच्या दुप्पट होतो. लेक दोन महिने ते पुरवते, रोज अर्धा. आमच्या लहानपणीही एकच मिळायचा, डबा फळीवर उंच ठेवलेला असायचा. तेवढं साम्य आहे.

आता त्या संदेशातलं शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. ‘खोलीत शेगडी पेटवा.’ कृपा करून पेटवू नका. जुन्या घराला कौलं होती, कौलांत फटी होत्या, दारं धड लागत नव्हती, म्हणून आपण वाचलो. आजच्या फ्लॅटच्या सरकत्या खिडक्या घट्ट बंद होतात. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड धुमसलं की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते, आणि माणसाला वाटतं ऊब लागून झोप येते आहे. झोपताना शेगडी जवळ ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. बिनझरोक्याच्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरचाही हाच धोका. बाकीचा मजकूर कुणी कितीही वेळा पुढे ढकलला तरी माझी हरकत नाही. एवढं एक वाक्य काढून टाका.

उरला मोबाईल. इथे मी मामांना थोडी सूट देते. मुलाच्या कानात दिवसभर ती बोंडं असतात आणि जेवायला बोलावण्यासाठी मला त्याला मेसेज करावा लागतो, हे खरं आहे. पण डिसेंबरात आमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी काय येतं? पहाटे पाच वाजता वडिलांचा फोटो. वय ८२. बागेतल्या तापमापकाचा, थोडा हललेला, अर्धा अंगठा दिसणारा. खाली काही लिहिलेलं नसतं. मग भाऊ लिहितो, ‘पाणी सोडलंय.’ मग टोरांटोहून लेक उणे चौदाचा आकडा टाकते आणि वडील तिला उत्तर देतात, ‘तिकडे द्राक्ष लावू नकोस.’ हा विनोद ते गेली चार वर्षं करत आहेत. ‘किती झालंय बघ रे’ म्हणणारा माणूस अजून तेच विचारतोय. फरक इतकाच की आता तीन गावांतून उत्तर येतं.

आणि मटार. मटार स्वस्त झाला की नवरा एकदम पाच किलो आणतो, मला न विचारता. मग रात्री टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून आम्ही चौघं बसतो. मुलगा एका हाताने मोबाईल सरकवतो आणि दुसऱ्या हाताने शेंगा फोडतो, त्यातले निम्मे दाणे तोंडात. सासूबाई दाण्यांतली अळी शोधून काढण्यात पटाईत. त्या दीड तासात मला मुलाच्या ऑफिसातलं जेवढं कळतं तेवढं उरलेल्या महिन्यात कळत नाही. त्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून तो सांगतो.

सकाळी नऊच्या सुमारास आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत ऊन येतं. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ते पार आतल्या फरशीपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात तिथे एक तिरीपही नसते. सासूबाईंची खुर्ची त्या उन्हाबरोबर सरकत जाते. आधी तुळशीजवळ, मग दाराशी. कुणी ना कुणी येऊन त्यांच्या पायाशी बसतं, चहा घेऊन, लॅपटॉप घेऊन, काहीच न घेऊन. याचा फोटो काढून वर चार ओळी लिहाव्यात असं कुणाला सुचलेलं नाही. वीस वर्षांनी मुलगाच बहुधा एक संदेश फिरवेल की पूर्वी सगळं घर गॅलरीतल्या उन्हात बसायचं. आणि त्यातून मटार कुणी निवडून डब्यांत भरले ते गळेल.

हे सगळं मी मामांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: ‘वाचलं. पटलं. शेगडीचं वाक्य काढून पुन्हा पाठवतो. यंदा लाडू कधी करतेस?’

मी लिहिलं, ‘रविवारी या. अडकित्ता तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय.’