डोकी मोजणं थांबवू या

1910 च्या जून महिन्यात स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची मोठी परिषद भरली होती. सुमारे 1200 प्रतिनिधी आले होते. त्यात आशियातून आलेले वीससुद्धा नव्हते. ज्या लोकांबद्दल दहा दिवस चर्चा चालली, ते सभागृहात औषधापुरते! त्या मूठभरांत आपल्या दक्षिणेतले व्ही. एस. अझरिया होते, वय 35. त्यांनी उभं राहून सांगितलं की तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना खाऊ घालायला दिलीत, आपली शरीरं जाळून घ्यायला दिलीत, पण आम्हाला प्रीतीही हवी आहे. आम्हाला मित्र द्या.

हे शब्द बायबलमधले: करिंथकरांस पहिलं पत्र, प्रीतीबद्दलचा अध्याय तेरावा. आपल्या ख्रिस्ती लोकांत प्रत्येक लग्नात वाचला जातो. अझरियांनी तोच अध्याय मिशनरींसमोर धरला. त्यांची तक्रार अगदी रोजच्या वागण्याची होती: वर्षानुवर्षं सोबत काम करणाऱ्या भारतीय सेवकाला साहेब कधी घरी जेवायला बोलवत नाहीत. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. दोन वर्षांनी हेच अझरिया दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, पहिले भारतीय बिशप.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर येणारे मिशनकार्याचे अहवाल. कधी आफ्रिकेतले, कधी नेपाळमधले, कधी इथल्याच आदिवासी पाड्यांवरचे. एकसारखे टी-शर्ट घातलेली टीम आठ-दहा दिवसांसाठी जाते, शाळेची भिंत रंगवते, दप्तरं वाटते, आणि शेवटी आकडा येतो: इतके आत्मे जिंकले, म्हणजे इतके जण ख्रिस्ताकडे वळवले. परवाच्या एका फोटोत सातेक वर्षांची मुलगी होती. हातात नवं दप्तर, त्यावर संस्थेचा शिक्का. तो शिक्का कॅमेऱ्यात यावा म्हणून मागून एका मोठ्या माणसाने तिचा हात कोपरापाशी धरून वर केलेला. तिचं तोंड दप्तराआड अर्धं झाकलं गेलंय, शिक्का मात्र स्पष्ट दिसतोय. खाली पन्नासएक 'आमेन'.

मला हे पटत नाही. मी ख्रिस्ती आहे, नगरची आहे, मिशनच्या शाळेत शिकले आहे आणि सुवार्तेवर, येशूच्या शुभसंदेशावर, माझा विश्वास आहे. म्हणूनच पटत नाही.

आपल्या नगरचंच बघा. सिंथिया फरार 1827 मध्ये अमेरिकेतून मुंबईला आल्या. त्या काळी लग्न न झालेल्या बाईला मिशन सहसा परदेशी पाठवत नसे, पाठवलेल्यांत त्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. पुढे 1839 मध्ये त्या नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, आईबापांच्या दारोदारी जाऊन मुली मागून आणल्या. आजच्या अहवालाच्या फॉर्मात त्यांचं आयुष्य भरायचं म्हटलं तर रकाने रिकामेच राहतील. पण त्यांची नगरची शाळा बघायला पुण्याहून एक तरुण आला आणि ती बघून आपल्या गावात मुलींची शाळा काढायची असं त्याने ठरवलं. जोतीराव फुले. 1848 साली पुण्यात काय घडलं ते महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सावित्रीबाईंनीही शिक्षिका होण्याचे धडे फरारबाईंकडे घेतले असं सांगतात.

फुल्यांनी बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनरींशी त्यांचा स्नेह होता, आणि तरीही त्यांनी आपला सत्यशोधक समाजाचा वेगळा रस्ता काढला. तर मग फरारबाईंच्या कामाचं सगळ्यात मोठं फळ आपण कोणत्या खात्यात धरायचं? माझ्या मते देवाच्या खात्यात. मंडळीच्या वहीत त्याची नोंद नसली म्हणून बिघडलं कुठे?

आता कोणी म्हणेल, पोटासाठी धर्म बदलला तुमच्या लोकांनी. 1876-78 च्या आणि 1896-97 च्या दुष्काळात लोक मिशनच्या दारात आले ते भुकेने आले, हे नाकारण्यात काहीच अर्थ नाही. पंडिता रमाबाईंनी त्या दुसऱ्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बाया आणल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, तेही भुकेतूनच. पण नगर जिल्ह्यातले महार-मांग समाजातले जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना भाकरीबरोबर आणखीही काही मिळालं. पोराला पाटी मिळाली. उपासनेत सगळ्यांच्या बरोबरीने सतरंजीवर बसायला मिळालं. दुष्काळ सरल्यावरही बरेच जण का राहिले, याचं उत्तर तिथे शोधावं. अर्थात मंडळीत आल्यावर जात सुटली असंही नाही. ती वधूवरांच्या मेळाव्यात आजही दिसते, आणि याबद्दल मंडळीत कोणी तोंड उघडत नाही याचा मला मनापासून राग येतो.

माझी आजी मिरजेला नर्सिंग शिकली. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेचं रुग्णालय उभं केलं. पण माझ्या लेखी त्यांचं मोठेपण शस्त्रक्रियांइतकंच शिकवण्यात आहे. इथलीच पोरं-पोरी त्यांनी हाताशी धरून डॉक्टर, नर्स, कंपाउंडर केली. साहेबांचं नाव वानलेसवाडीला राहिलं. आजीसारख्यांची नावं कुठेच नाहीत.

आजी बाळंतपणं करायला गावोगाव जायची. तिची एक पत्र्याची पेटी होती. त्यात कात्री, नाळ बांधायचा दोरा, जंतुनाशक लायसॉलची बाटली आणि उकळून वाळवलेल्या फडक्यांच्या घड्या. पोचल्याबरोबर चुलीवर पाण्याचं आधण ठेवायला सांगायची आणि कात्री-दोरा त्यात टाकून उकळी फुटेपर्यंत बाळंतिणीची पाठ चोळत बसायची. मूल पहिल्यांदा तिच्या हातात यायचं. त्याच घरात नंतर तिला चहा मिळायचा तो ओसरीवर, कान तुटलेल्या वेगळ्या कपात, आणि कप विसळून कोनाड्यात पालथा घालायचं कामही तिचंच. पुढच्या खेपेला बोलावणं आलं की ती परत जायची. त्या घरात कोणाला तिने 'तुम्ही देवळात या' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. 'येशूबाप्पाचं नाव घेऊन आलेय' एवढं मात्र दारातच सांगायची, लपवायची नाही. मी कोणाची आहे ते उघड सांगायचं आणि कामाला अट घालायची नाही, मिशन म्हणजे मला एवढंच कळतं.

याउलट नोव्हेंबर 2018 मधली अंदमानची गोष्ट घ्या. जॉन ॲलन चाऊ हा 26 वर्षांचा अमेरिकन तरुण कायदा मोडून उत्तर सेंटिनल बेटावर गेला. मच्छीमारांना पैसे देऊन त्याने स्वतःला तिथवर नेऊन घेतलं. बेटावरच्या लोकांनी त्याला मारलं. त्याच्या मरणाचं मला वाईट वाटतं, पण त्याला हुतात्मा म्हणणारे मेसेज मी पुढे पाठवले नाहीत. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या त्या लोकांच्या अंगात आपल्या साध्या सर्दी-गोवराशी लढायची ताकद नाही. त्यांना आपण नको आहोत हे त्यांनी पुन्हा पुन्हा स्पष्ट केलं आहे. आणि अटक झाली ती त्या मच्छीमारांना. त्यांच्या घरच्यांसाठी कोणत्या प्रार्थनासभेत प्रार्थना झाली? मी तरी ऐकली नाही.

ग्रॅहम स्टेन्स 1965 मध्ये ऑस्ट्रेलियाहून ओडिशात आले आणि मयूरभंजमध्ये कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूरला त्यांना आणि दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांना गाडीत झोपलेले असताना जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि त्यानंतरही कित्येक वर्षं त्या तिथेच रुग्णांमध्ये राहिल्या. अझरिया ज्यांना मित्र म्हणत होते ते हे लोक.

आपल्या संगमनेरकडे फादर हर्मन बाखर होऊन गेले, स्वित्झर्लंडचे जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचे धर्मगुरू. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. पाणलोटाच्या कामात त्यांचा हिशेब उलटा होता. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, समिती गावानेच निवडायची, मग पुढचं. दरेवाडीसारख्या टँकरवर जगणाऱ्या गावात त्यातून पाणी आलं. फुकट वाटलेल्या वस्तूने माणूस हात पसरायला शिकतो, आणि गावाने स्वतः खणलेल्या चराची राखण गावच करतं. बाखरबाबांना हे पक्कं ठाऊक होतं.

नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो. त्यांची भजनं आपण दर रविवारी पेटीवर म्हणतो, त्यांची जयंती करतो, हार घालतो. पण दरबाराची ती कल्पना आपण त्यांच्याबरोबरच 1919 मध्ये पुरून टाकली. शंभरहून जास्त वर्षं झाली. आज मंडळीच्या सभांमध्ये वेळ कशात जातो? जमिनीत, ट्रस्टमध्ये, कोर्टाच्या तारखांत. गोऱ्या साहेबांनी किल्ल्या दिल्या, आणि त्या किल्ल्यांवरून आपण भावाभावांत भांडतोय. पाड्यावर जायला उरतो तो टी-शर्टवाला आठवडा.

तरुण संघातल्या मुलांनो, तुमचा उत्साह खोटा नाही, तुमच्यावर माझा राग नाही. फक्त एवढं करा. ज्या पाड्यावर जाता तिथेच दर महिन्याला जा, पाच वर्षं जा. त्यांची बोली शिका. जेवायला त्यांच्या घरी बसा आणि त्यांनाही आपल्या घरी बोलवा. मुलांचे फोटो टाकू नका, आईबापांनी हो म्हटलं तरी टाकू नका. आणि अहवालातला तो 'आत्मे' नावाचा रकाना काढून टाका. कोणाच्या अंतःकरणात काय झालं ते मोजायचं काम आपल्याला कोणी दिलेलं नाही.

लांब जायला जमत नसेल त्यांच्यासाठी एक काम इथेच आहे. आम्ही काही जणी शनिवारी सकाळी सिव्हिलमध्ये असतो. पारनेर, पाथर्डी, जामखेडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या माणसांना केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कोणत्या इमारतीत, गोळ्या जेवणाआधी की नंतर, एवढं नीट सांगणारं कोणीतरी लागतं. म्हाताऱ्या माणसांसोबत रांगेत उभं राहावं लागतं. बॅनर नाही, पत्रकं नाहीत. कोणी विचारलंच की बाई तुम्ही कोण, तर आम्ही सांगतो. साडेआठला केसपेपरच्या खिडकीपाशी भेटतो. यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा, दुपारचा एक सहज वाजतो.