‘चुकलं तर एरर येईलच’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

‘क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवण्याआधी तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं’ असं सांगणारी एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. मुद्दे चार. चूक असली तर डेटाबेस एरर देतोच. तरी काही बिघडलं तर रोलबॅक, म्हणजे केलेला बदल परत फिरवणं, आहे. शंका असेल तर क्वेरी कशी चालेल हे दाखवणारं एक्सप्लेन ॲनालाइझ लावा, त्यात क्वेरी चालत नाही. आणि सगळ्यात शेवटी बॅकअप असतोच. ही पोस्ट माझ्या भाचीकडेही पोचली. तिला नुकताच प्रॉडक्शन डेटाबेसचा (खऱ्या कामात वापरात असलेल्या डेटाचा) ॲक्सेस मिळालाय. ‘मावशी, हे खरं आहे ना?’ असं तिनं विचारलं.

खरं नाही. आणि नवशिक्यांच्या हाती असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.

आधी एररचं बघू. डेटाबेस अडवतो ते व्याकरण चुकलं, नाव सापडलं नाही किंवा एखादा नियम मोडला तर. तुमच्या मनात नेमक्या कोणत्या ओळी होत्या हे त्याला कळायला मार्गच नाही. व्हेअर (कोणत्या ओळी, हे सांगणारी अट) विसरलेलं डिलीट त्याच्या दृष्टीनं पूर्ण शुद्ध असतं. ते उदाहरण सर्वांना पाठ आहे, म्हणून दुसरं देते. जुन्या ग्राहकांच्या ऑर्डर्स पुसायच्या आहेत:

डिलीट फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर ग्राहक_क्र इन (सिलेक्ट ग्राहक_क्र फ्रॉम जुने_ग्राहक);

समजा, जुने_ग्राहक या टेबलात ग्राहक_क्र नावाचा कॉलमच नाही. तिथे त्याचं नाव नुसतं ‘क्र’ आहे. आता एरर यायला हवी ना? येत नाही. आतल्या सिलेक्टला तो कॉलम आत मिळाला नाही की डेटाबेस तो बाहेरच्या टेबलात शोधतो, आणि ऑर्डर्समध्ये तो आहे. म्हणजे प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक क्रमांक स्वतःशीच ताडला जातो. जुने_ग्राहक मध्ये एक जरी ओळ असली, तरी ग्राहक क्रमांक भरलेली झाडून सगळी ऑर्डर्स उडतात. हा कुणा एका डेटाबेसचा दोष नाही. नावं शोधण्याचा एसक्यूएलचा, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेचा, नियमच तसा आहे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, सगळीकडे हेच होतं. आत जुने_ग्राहक.ग्राहक_क्र असं टेबलाच्या नावासकट लिहिलं असतं, तर मात्र लगेच एरर आली असती. डेटाबेसनं चूक पकडावी असं वाटत असेल तर क्वेरी तशी लिहावी लागते, आणि ती तशी लिहिली आहे का, हे चालवण्याआधीच बघावं लागतं.

एरर न देणारी अशी आणखीही उदाहरणं आहेत. नॉट इन (यादीत नसलेल्या ओळी शोधणं) च्या यादीत एक नल, म्हणजे रिकामी किंमत, शिरला की एकही ओळ परत येत नाही, आणि माणूस समजतो की डेटा स्वच्छ आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘सेट दर = ५०, सवलत = १०’ ऐवजी स्वल्पविरामाच्या जागी अँड पडला, तर सवलत जशीच्या तशी राहते आणि दर होतो ० किंवा १. पोस्टग्रेस इथे अडवतं, एवढं मान्य.

एक्सप्लेन ॲनालाइझचा मुद्दा तर धोकादायक आहे. नुसतं एक्सप्लेन क्वेरी चालवत नाही, हे खरं. पण पोस्टग्रेसमध्ये पुढे ॲनालाइझ जोडलं की क्वेरी खरोखर चालते. डिलीट असेल तर ओळी जातात. पोस्टग्रेसच्या अधिकृत मॅन्युअलमध्येच हा इशारा दिलेला आहे, आणि बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू करणारी आज्ञा) व रोलबॅकच्या मध्ये ते कसं चालवायचं हेही दाखवलंय. म्हणजे पोस्टकर्ता खात्रीचा उपाय म्हणून नेमकी डेटा पुसणारी आज्ञा सुचवतोय! चारांतला हा एक मुद्दा जरी कुणी खरा मानला तरी नुकसान होईल.

रोलबॅकमध्ये थोडं तथ्य आहे. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) उघडून ड्रॉप टेबल केलं, म्हणजे अख्खं टेबल काढून टाकलं, तरी ते परत फिरवता येतं. पण आधी बिगिन लिहिलेलं हवं. मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेसचा क्लायंट पीएसक्यूएल, ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच पक्की होणं) मुळात चालूच असतं. मायएसक्यूएलमध्ये तर ड्रॉप किंवा ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणं) स्वतःच कमिट करून, म्हणजे बदल पक्का करून, टाकतं, आणि त्याआधीचं अर्धवट कामही त्याबरोबर पक्कं होतं.

बॅकअपच्या भरवशावर असलेल्यांनी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीनं स्वतः जाहीर केलेला २०१७ सालचा अहवाल वाचावा. ३१ जानेवारीला एका इंजिनियरनं डेटाची डिरेक्टरी चुकीच्या सर्व्हरवर पुसली. तिथे क्वेरी चुकली नव्हती, सर्व्हर चुकला होता. पण प्रश्न त्यानंतरचा आहे. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर पीजी_डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारं साधन) जुन्या आवृत्तीचं निघालं, डेटाबेस ९.६ आणि डंप ९.२ चं. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. वाचवलं ते एका इंजिनियरनं सुमारे सहा तास आधी हातानं घेतलेल्या स्नॅपशॉटनं, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीनं. त्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या.

राहिला वेळेचा प्रश्न. तपासणी एवढीच: डिलीटमधली तीच व्हेअर घेऊन आधी सिलेक्ट काउंट (ओळी मोजणारी क्वेरी) चालवायचं. वरच्या उदाहरणात अपेक्षित आकड्याच्या जागी जवळजवळ सगळ्या टेबलाचा आकडा दिसला असता. मग बिगिन, मग डिलीट, किती ओळी गेल्या तो आकडा आधीच्या काउंटशी जुळवायचा, जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. मध्ये ट्रान्झॅक्शन उघडं टाकून उठायचं नाही, त्या ओळींवर लॉक असतं, म्हणजे दुसऱ्यांना त्या बदलता येत नाहीत. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी क्लायंट (क्वेरी टाइप करायचा प्रोग्राम) सेफ-अपडेट्स हा पर्याय लावून सुरू करावा. मग ‘की’ कॉलमवर (इंडेक्स असलेल्या कॉलमवर) अटही नाही आणि ओळींची लिमिटही नाही, असं अपडेट-डिलीट तो चालूच देत नाही. स्वतःच्या मशीनवरच्या चाचणीच्या डेटावर हवं ते चालवा, तिथे माझी काही हरकत नाही.