‘पालकांनी मधे पडू नये’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एक मेसेज खूप फिरतोय, की ऑटिझमसोबत बौद्धिक अक्षमता असेल तर शिकवणं पूर्णपणे स्पेशल एज्युकेटरवर सोडा, आईबाबांनी फक्त प्रेम करावं, मधे पडू नये. दमलेल्या पालकांना हे वाचून हायसं वाटलं असणार, ते समजू शकते मी. पण त्यातलं बरंचसं चूक आहे.

१. ‘शाळेत शिकलं की घरी आपोआप येतं.’ नाही येत हो! एका जागी शिकलेलं दुसरीकडे वापरणं हीच तर या मुलांची मोठी अडचण असते. शाळेत नीट हात धुणारं मूल घरच्या बेसिनसमोर नुसतं उभं राहतं, कारण नळ वेगळा, साबण वेगळा, सांगणारा आवाज वेगळा, आणि आपल्याला वाटतं हट्ट करतंय. शाळेतल्याच स्टेप्स त्याच क्रमाने, त्याच शब्दांत घरी झाल्या आणि मग हळूहळू जागा, माणसं बदलत नेली की ते जमायला लागतं. टॉयलेट ट्रेनिंगचं तर विचारूच नका, शाळेत ठरल्या वेळेला नेतात, घरी दिवसभर डायपर, मग महिनोन्महिने गाडी तिथेच आणि दोष मुलाच्या बुद्धीला.

२. ‘पालकांना शास्त्र कळत नाही.’ ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं जायचं त्या काळात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी पालकांना सह-थेरपिस्ट म्हणून सोबत घेतलं, आणि १९७२ पासून त्यांचा ऑटिस्टिक मुलांना शिकवण्याचा टीच (TEACCH) कार्यक्रम अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात सरकारी पातळीवर सुरू झाला. २०१५ मध्ये अमेरिकेतच ३ ते ७ वर्षांच्या १८० ऑटिस्टिक मुलांचा एक अभ्यास आला. २४ आठवडे काही पालकांना वर्तन कसं हाताळायचं याचं प्रत्यक्ष ट्रेनिंग दिलं, बाकीच्यांना ऑटिझमची माहिती. त्रासदायक वर्तन दोन्हीकडे कमी झालं, पण ट्रेनिंगवाल्यांकडे जास्त. त्यामुळे पालकांना नुसतं लेक्चर देऊन पाठवणाऱ्या शाळांनीही हे वाचावं. आणि न बोलणारं मूल मेल्टडाऊनच्या (सगळं असह्य होऊन ताबा सुटण्याच्या) आधी बोटं चावतं की कान झाकतं, हे घरच्यांइतकं कोणाला माहीत असतं? ते टीचरपर्यंत पोचलंच नाही तर वैयक्तिक शिक्षण आराखडा (त्या एका मुलासाठी काय, कसं शिकवायचं याचा प्लॅन) बनवणार कशावर?

३. ‘चित्रकार्डं वापरली की मूल बोलायचं थांबतं.’ म्हणजे हवं ते चित्र दाखवून मागायची कार्डं. आजवरच्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलंय. कार्डं शाळेच्या कपाटात ठेवू नका, घरीही द्या.

४. ‘घराची शाळा होते.’ इथे मेसेजमध्ये तथ्य आहे. आईने नोकरी सोडून दिवसभर टेबलावर बसवून घ्यायचं, बाबांनी फक्त फी भरायची आणि भावंडांकडे बघायला कोणी नाही, असं झालं तर सगळं घर मोडकळीला येतं. पण त्यावर उपाय पालकांना बाहेर काढणं हा नाही. एका वेळी एकच गोष्ट घ्या, शर्ट घालणं म्हणा किंवा पाणी मागणं, तीही जेव्हा खरंच शर्ट घालायचाय, तहान लागलीय तेव्हाच. पुढच्या मीटिंगला टीचरना विचारा, सध्या कुठली स्टेप चालू आहे, मदत किती करताय, शब्द कुठले वापरताय, आणि जमलं तर एकदा समोर करून दाखवायला सांगा, बाबांनाही सोबत न्या.